येसूची फळी

हा लेख मी सहा वर्षं टाळला. गणपती गेले की या अंकाच्या संपादकांचं पत्र येतं: ‘कर्जत-खालापूरच्या खेड्यांत अपंगांच्या घरी जाऊन तुम्ही जे काम केलंत, त्याचे अनुभव लिहा.’ मी दर वर्षी वेगळं कारण कळवतो. एकदा मोतीबिंदू, एकदा नातवाची मुंज, एकदा नुसतंच ‘प्रकृती’. कारणं खोटी नव्हती, पण लेख अडला होता तो त्यांच्यामुळे नाही. लिहायला बसलं की पोशीर गाव आडवं यायचं. पोशीर वगळून लिहिलं तर लेखाला अर्थ नाही, आणि पोशीर लिहायचं म्हणजे माझ्या नावावर लागलेल्या दोन गोष्टी माझ्या नव्हेत हेही लिहावं लागणार. यंदा पत्र आलं आणि मी उलट टपाली ‘होय’ म्हणून कळवून टाकलं. तेव्हापासून मला बरं वाटतंय.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं मी डॉक्टर होतो. मी प्लास्टर घालणारा. खोपोलीच्या बाजूला एका विश्वस्त संस्थेचं छोटं रुग्णालय होतं, तिथे मोडलेल्या हाडांना प्लास्टर घालायला मी साठच्या दशकात लागलो. तेव्हा दर दोन-तीन गावांत पोलिओनं पाय गेलेलं एखादं मूल असायचंच. आईबाप खांद्यावर घेऊन एकदा यायचे, आम्ही काय करायचं ते सांगायचो, आणि पुन्हा ते दिसायचे नाहीत. डोंगर उतरून, एस.टी. पकडून, शेतावरचा दिवस मोडून पोराचा पाय ताणून घ्यायला दर आठवड्याला कोण येणार? आमच्या डॉक्टरीणबाई एक दिवस म्हणाल्या, “ते येत नाहीत ना, मग आपण जाऊ.” आपण म्हणजे मी. एक सायकल, एस.टी.चा पास आणि खाकी पिशवी. पिशवीत टेप, प्लास्टरच्या गुंडाळ्या, चामड्याचे पट्टे, नट आवळायचे दोन पाने आणि एक नोंदवही. गावोगाव माझं नाव ‘पट्टीवाले’ पडलं.

पोलिओ झालेल्या पायात जोर नसतो. माणूस बसून सरकतो. वर्षानुवर्षं गुडघा वाकलेला राहिला की मागच्या शिरा आखडतात आणि पाय सरळ होत नाही. मग प्लास्टर घालून थोडा थोडा करत गुडघा सरळ करायचा, आणि सरळ झाला की कॅलिपर लावायचा. कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, वर चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी कुलपासारखी खीळ आणि खाली जाड बूट. खीळ लावली की माणूस कुबड्या घेऊन उभा राहतो. शिळफाट्याला आमची लहानशी कार्यशाळा होती, तिथे लक्ष्मणमिस्त्री हे बनवायचा.

या कामातली एक खूण मी पहिल्याच वर्षी शिकलो. घरात शिरताच माणसाकडे नाही, कॅलिपरकडे बघायचं. बुटाला चिखल, पट्ट्याला घामाचे डाग आणि खिळीपाशी गंज असला तर माणूस चालतोय. कॅलिपर चकचकीत दिसला तर तो खुंटीवरून आत्ताच उतरवलाय. मी वाटेवर दिसलो की एखादं पोर पुढे पळायचं, “पट्टीवाले आले गं,” आणि आत धावपळ उडायची. मी ओट्यावर मुद्दाम तंबाखू मळत बसायचो, त्यांना पट्टे बांधायला वेळ मिळावा म्हणून. मग आत जाऊन वहीत ‘वापर’ या रकान्यात लिहायचो: नियमित. ही सभ्यता होती असं मला तेव्हा वाटायचं.

लोधिवलीला हायवेवर सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक गृहस्थ होता. ट्रकखाली पाय गेलेला. आम्ही त्याला बुटासकट लाकडी पाय दिला. महिन्यानं गेलो तर पाय दुकानाच्या पाटीला टांगलेला आणि हा खाली फतकल मारून पंक्चर काढतोय.

“अहो, हे काय?” मी विचारलं.

“टांगल्यापास्नं ट्रकवाले बघायला थांबत्यात,” तो म्हणाला. “थांबला की चहा पितो, चहा पिला की हवा भरून घेतो. लय गुणाचा पाय दिला तुमी.”

“पण घालायचा कधी?”

“लग्नाबिग्नाला घालतो की. पंक्चर काय उभ्यानं काढू?”

मी हसलो आणि वहीत ‘नियमित’ लिहिलं. त्याच्या त्या शेवटच्या प्रश्नातच माझ्या कामाची सगळी चूक होती. पण विनोदी माणसाचं बोलणं आपण विनोदात काढतो.

आता पोशीर. नेरळहून सायकलनं जायचं. भाताचं गाव. तिथे येसू म्हणून एक मुलगी होती. मुलगी कसली, पंचवीसच्या आसपासची बाई. लहानपणी दोन्ही पाय गेलेले, लग्न नाही. घरात आई, भाऊ गणपत आणि त्याची बायको. मी पहिल्यांदा गेलो तो आषाढात, लावणीच्या दिवसांत. घराला कडी. शेजारची म्हातारी म्हणाली, “सगली राबावर हायती.” मी म्हटलं, पण ती पांगळी मुलगी? म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. “तीच तर पयली गेली.”

आमच्याकडे भाताची रोपं आधी एका वाफ्यात दाट वाढवतात. उन्हाळ्यात ती जमीन पालापाचोळा टाकून भाजून घ्यायची, तिला राब म्हणतात. मग रोपं उपटून, जुड्या बांधून, दुसऱ्या खाचरात लावायची. उपटायचं काम कंबर मोडणारं. बांधावरून पाहिलं तर आठ-दहा बायका ओणव्या झालेल्या, आणि सगळ्यांच्या पुढे दोन हात एक बाई चिखलात बसून सरसर सरकत चाललेली. तिच्याखाली एक लाकडी फळी होती. डाव्या हातानं चिखलात रेटा द्यायचा, फळी पुढे घसरायची, उजव्या हातानं रोपं उपटायची, पाण्यात झटकायची, जुडी बांधून मागे टाकायची. मागच्या बायका तिच्या नावानं ओरडत होत्या.

“येसू, हलू चल गं, आमाला काय कंबर नाय?”

“कंबर हाय म्हणून तर मागं हाव,” ती न वळता म्हणाली.

ती फळी मी नंतर हातात घेऊन पाहिली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. पुढची कड कोयत्यानं तासून होडीसारखी वर उचललेली, खालची बाजू करंजाचं तेल चोळून गुळगुळीत केलेली, वर बसायच्या जागी थोडा खोलगट भाग. सगळं तिनं स्वतः केलं होतं, तीन फळ्या बिघडवून चौथी.

तिथे लावणीला सावड करतात. म्हणजे आज सगळ्यांनी एकाच्या शेतावर, उद्या दुसऱ्याच्या. ज्या घरातून जितकी माणसं जातील, तितकी माणसं त्या घराच्या शेतावर परत येतात. म्हातारं माणूस, पोर, लेकुरवाळी, ही अर्धी धरतात. येसूला अख्खा माणूस धरत. गणपतनं मला हे अभिमानानं सांगितलं. मी ऐकलं, पण माझं लक्ष तिच्या गुडघ्यांकडे होतं. दोन्ही गुडघे काटकोनात आखडलेले. मनात मी मोजत होतो, किती आठवड्यांत सरळ होतील.

कारण त्या वर्षी भाद्रपदात संस्थेकडे मदत देणारे पाहुणे येणार होते, आणि माझ्या वहीत ‘नियमित’ पुष्कळ असले तरी उभं राहून दाखवील असं एकही मोठं माणूस नव्हतं. येसूचे हात दणकट, अंगात हुशारी. मी गणपतला म्हटलं, बहिणीला उभी करतो.

“करा की भाऊ,” तो म्हणाला. “पण लावणी होऊ दे. निंदणी उरकली की घाला तुमचं पलस्तर.”

येसूची आईही तेच म्हणाली. येसू म्हणाली, “इतकी वरसं बसली, अजून दोन महिनं बसंन.”

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. गुडघे दोन महिने सहज थांबले असते, दोन वर्षंही थांबले असते. आणि मी गणपतला ओट्यावर बाजूला घेऊन म्हणालो, “आता नाही केलं तर शिरा कायमच्या धरतील. मग पुढे कुणीही आला तरी उपयोग नाही. बघ, तुझी बहीण आहे.”

हे खोटं होतं. डॉक्टरीणबाईंनी असं काही सांगितलं नव्हतं. भावाला बहिणीची आण घातल्यासारखं झालं. तो आत गेला, काय बोलला मला माहीत नाही. बाहेर येऊन म्हणाला, “घाला.”

मी प्लास्टर घातलं. दर आठवड्याला जाऊन ते कापायचं, गुडघा थोडा ताणायचा, पुन्हा भरायचं. दुसऱ्या आठवड्यात गेलो तर प्लास्टर खालून भिजून लगदा झालेलं. येसू फळीवर बसून राबावर जाऊन आली होती, पायांना खताची रिकामी गोणी गुंडाळून. मला राग आला. मी नवं प्लास्टर घातलं आणि निघताना फळी उचलून सायकलच्या मागे बांधली.

“भाऊ, ती कुटं नेता?” तिनं विचारलं.

“पाय बरे झाले की आणून देतो.”

“पाय बरं झाल्यावर मंग ती कशाला?”

बरोबर बोलली असं वाटून मी खूश झालो. तिचा आवाज कसा होता तो मला नंतर आठवत राहिला.

पाच आठवडे ती दारात पाय लांब करून बसली. छत्रीची काडी प्लास्टरमध्ये घालून खाजवायची आणि राबाकडे बघायची. घरातून सावडीला एक माणूस कमी गेलं, म्हणून त्यांच्या शेतावरही एक माणूस कमी आलं. शेवटचं खाचर उशिरा लागलं. वहिनीनं दोघींचं काम ओढलं आणि वर्षभर कंबर धरून बसली. हे मला कुणी बोललं नाही.

भाद्रपदात पाहुणे आले. येसू नवे कॅलिपर घालून, कुबड्या घेऊन, दारातल्या पेरूखाली उभी राहिली. आई पदर डोळ्यांना लावत होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला, तो पुढे संस्थेच्या भिंतीवर लागला. त्यात मी तिच्या बाजूला उभा आहे, एक हात तिच्या पाठीमागे. पडली तर धरायला.

फळी मी शिळफाट्याच्या कार्यशाळेत कोपऱ्यात टाकली होती. लक्ष्मणमिस्त्रीनं ती उचलली, उलटीपालटी केली, अंगठा फिरवला.

“कुणी बनवली?”

“एक पेशंट आहे.”

“ज्यानं बनवली त्याला काय पायजे ते म्हाईत व्हतं,” तो म्हणाला. आमच्याकडे आलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यानं असं म्हटल्याचं मला आठवत नाही. चार दिवसांत त्यानं तिच्यावरून एक नमुना केला, खाली चार लहान चाकं लावून, सारवलेल्या जमिनीवर चालेल असा. बूट घालून चुलीपाशी जाता येत नाही, देवाच्या कोनाड्यापाशी जाता येत नाही, हे आम्हाला दहा वर्षांत कळलं नव्हतं. ही बुटकी गाडी घरात कुठेही जाई. आम्ही ती दोन्ही तालुक्यांत वाटली. संस्थेच्या वार्षिक पुस्तिकेत छापून आलं: ‘आमच्या कार्यकर्त्यांनी कल्पकतेने तयार केलेली घरगाडी.’ खाली माझं नाव. छापायच्या आधी मला मजकूर दाखवला होता. मी एक ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून परत पाठवला.

पुढच्या आषाढात मी पोशीरला गेलो. सगळं गाव शेतावर, आणि येसू दारात. कॅलिपर खुंटीवर, आरशासारखे. या वेळी कुणी धावपळही केली नाही.

“येसू, वापरत नाहीस?”

“वापरते की. कोण पावणा आला तर घालते.”

“आणि लावणी?”

“मला सावडीत धरली नाय यंदा,” ती म्हणाली. “बाया म्हणाल्या, तुजं आता पाय झालं, लावायला ये. लावायला वाकता येतं व्हय या लोखंडात? मंग म्हणाल्या, अर्धी धरू.” तिनं खुंटीकडे हात केला. “भाऊ, एक इचारू? उभी राहून मी करू काय?”

मी पिशवी खाली ठेवली.

“बसून मी अख्खी व्हती. तुमी उभी केली नि अर्धी झाली.”

आवाज चढवून नाही. पाणी हवंय का असं विचारावं तसं.

मी दुसऱ्याच दिवशी शिळफाट्याहून नवी घरगाडी घेऊन गेलो. तिची फळी न्यायची होती, पण मिस्त्री अजून तिच्यावरून मापं घेत होता, आणि खरं सांगायचं तर तिच्या हातात तिचीच फळी ठेवताना काय बोलायचं हे मला सुचत नव्हतं. येसूनं गाडी पाहिली, चाकं फिरवली.

“घरात ब्येस हाय,” ती म्हणाली. “चिखलात कशी सरकंल?” आणि गणपतला हाक मारली, “दादा, पाना आण रं. याची चाकं काढ.”

चाकं निघाली. पुढची कड तिनं कोयत्यानं तासली. त्या दिवशी दुपारी ती राबावर गेली. गुडघे सरळ झाल्यामुळे तिला फळीवर पाय पुढे टाकून बसता येत होतं, पूर्वीपेक्षा सोपं, हे तिनंच सांगितलं. मी स्वतःच्या समाधानासाठी रचलेलं नाही. चार दिवस मागे पडली, पाचव्या दिवशी बायका पुन्हा तिच्या नावानं ओरडायला लागल्या. सावडीतल्या म्हातारीनं बांधावरून सांगितलं, “धरा गं तिला अख्खी.” मी त्या दिवशी पुन्हा गेलो होतो, बांधावर उभा होतो. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. आणि तेव्हाच सगळं बोलून टाकायला हवं होतं.

परत आल्यावर मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, आपल्या फॉर्मवर पहिला प्रश्न ‘व्यंग काय’ हा आहे. त्याच्या आधी एक प्रश्न घालू: ‘हा माणूस दिवसभरात काय करतो?’ आणि ‘वापर: नियमित’ हा रकाना काढून टाकू. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि दोन्ही मान्य केलं. त्या एका प्रश्नानं आमचं काम बदललं. प्लास्टर कधी घालायचं हे शेताकडे बघून ठरू लागलं. बुटाऐवजी मिस्त्री सपाता बसवू लागला, दाराशी काढता येतील अशा. लोधिवलीच्या माणसाला बसून घालता येईल असा आखूड पाय केला. त्यानं जुना तसाच टांगून ठेवला. आणि येसूला आम्ही आजूबाजूच्या गावांत न्यायला लागलो, नव्या घरांतल्या आयांना समजवायला. ती बसली की आया बोलत. माझ्यासमोर दहा वर्षांत न बोललेलं तिच्यासमोर अर्ध्या तासात बोलत.

काही वर्षांनी कर्जतला माझा सत्कार झाला. शाल, नारळ. मी भाषण केलं. म्हणालो, “एकदा मी विचार केला, की आपण माणसाला उभं करतो, पण उभं राहून तो करणार काय?” टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेच्या पुढे, सतरंजीवर, आपल्या गाडीवर येसू बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती. कार्यक्रम झाल्यावर मला म्हणाली, “भाऊ, घसा बसला तुमचा. पाणी प्या.”

मी पाणी प्यायलो.

मी निवृत्त झालो आणि पुढे ती कार्यशाळा बंद झाली. तेव्हा मिस्त्रीनं ती मूळ फळी मला आणून दिली. मी ती पोत्यात गुंडाळून एकदा पोशीरला नेली. येसू राबात होती, केस पांढरे व्हायला लागलेले. बांधावरच्या मला बघून म्हणाली, “पोत्यात काय, भाऊ?”

मी म्हणालो, “चामडं आहे. पुढच्या गावाला द्यायचंय.”

“मंग उशीर नका करू,” ती म्हणाली.

पोतं तसंच परत आणलं आणि माळ्यावर ठेवलं.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात ती वारली. मला आठ दिवसांनी कळलं. फळी घेऊन गेलो. गणपतची मुलगी कल्पना आता शाळेत शिक्षिका आहे. तिच्यापुढे मी फळी ठेवली, ती कशी नेली ते सांगितलं, घरगाडी कुणाची, तो प्रश्न कुणाचा, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग हसली.

“काका, आत्याला माहीत होतं. मिस्त्रीकाकांनीच सांगितलं होतं तिला. आम्ही म्हणायचो, तू विचार ना त्यांना. तर म्हणायची, येईल तो सांगायला, त्याला काय घाई करायची.”

माझ्या अंगावरचं मोठं ओझं त्या ओट्यावर उतरलं, हे कबूल करतो. कल्पनानं फळी धुऊन भिंतीला टेकवून ठेवली. मी परत आलो, आणि यंदा संपादकांचं पत्र येताच ‘होय’ लिहिलं.

पण कल्पनालाही मी एक सांगितलं नाही. गणपत पलीकडे बसला होता, कान थकलेले, माझ्याकडे बघून मान डोलवत होता. ज्या शब्दावर त्यानं बहिणीला तयार केलं, तो खोटा होता हे मिस्त्रीला माहीत नव्हतं. म्हणजे येसूला माहीत नव्हतं. पोतं घेऊन बांधावर उभा होतो, तेव्हा फळीआधी जे सांगायचं ठरवून गेलो होतो, ते एवढंच होतं:

येसू, तुझे गुडघे त्या वर्षी थांबले असते. तू दोन महिने मागितले होतेस. मी तुझ्या भावाला खोटं सांगितलं. मला माफ कर.